भरल्या गाडीचा दिवा

कराडात, माझ्या शेडमध्ये, तो दिवा कधीच लागला नाही.
जोतिराम ताईगडे शपथेवर सांगायचा,
मी चावी फिरवायचो,
इंजिन गुरगुरत राहायचं शहाण्यासारखं,
आणि तो माझ्याकडे असा बघायचा
जशी दवाखान्यात शिरताच पोर खेळायला लागलं
की आई डॉक्टरकडे बघते.

"घाटात लागतोय ओ मुलाणी.
चिपळूणहून चिरा भरला की. कुंभार्ली चढताना.
दरडीला जाळी मारलीय न्हवं, त्या वळणावर.
पिवळा. किटलीसारखा."

किटलीच ती. इंजिनाचं ते चित्र काढणारा
बहुतेक चहाच्या टपरीवर बसला असावा.
ती पेटली की गाडीचा दम जायचा,
एक्सलेटर दाबा नाहीतर देवाला हाक मारा,
काटा विसाच्या वर सरकत नाही,
मागे एसट्यांची रांग, हॉर्न, शिव्या.
हेळवाकला येऊन चावी बंद, चालू, तीनदा,
आणि किटली गायब.

साताऱ्याच्या शोरूमनं सेन्सर बदलला.
मग फिल्टर. मग पुन्हा सेन्सर.
मग म्हणाले, डिझेलच खराब भरता तुम्ही.
बिलांची सुरळी त्यानं दुधाच्या पिशवीत ठेवली होती, रबर लावून.
आणि मी स्वतः दोनदा नुसता कोड पुसून पैसे घेतले होते,
हेही सांगितलं पाहिजे.

शेवटी त्यानं दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.
ती बघितली आणि मला लाज वाटली.
म्हटलं, येतो मी. भरल्या गाडीतनं.

फाल्गुनातली रात्र. क्लीनरच्या जागी मी,
मांडीवर स्कॅनर, मागे सोळा टन जांभा,
लाल धूळ दातांतसुद्धा.
रेलमधल्या दाबाचा आकडा बघत होतो.
नऊशे. नऊशे वीस. अकराशे.
जोतिराम पोरीच्या नर्सिंगच्या फीचं सांगत होता,
मी हूं हूं करत होतो.
जाळीचं वळण आलं. तो बोलायचा थांबला.

शून्य.

पापणी लवायच्या आत परत अकराशे.

दाब असा पडत नाही.
खरंच शून्य झाला असता
तर इंजिन तिथंच मान टाकून बसलं असतं
आणि आम्ही उटी शोधत पळालो असतो.
म्हणजे पंप बरा आहे,
इंजेक्टर बिचारे कामावर आहेत,
निरोप आणणारी तार मधेच कुठंतरी गप्प होते.

हेळवाकला सपाटीवर गाडी घेतली,
इंजिन चालूच ठेवलं, पोतं अंथरून खाली शिरलो.
"आकडा म्हणत राहा. मोठ्यानं."
वायरिंगचा जुडगा बोट-बोट चाचपत मी पुढं.
"तीनशे," तो वरून.
"तीनशे. तीनशे. ओ, तीनशेच."
गिअरबॉक्सच्या वर, लोखंडी पट्टीच्या कोपऱ्याशी
माझा हात पोचतो न पोचतो
तोच "शून्य! शून्य!"
लॉटरी लागल्यासारखा.

तिळाएवढं.
एका तारेची कातडी तिळाएवढी सोललेली,
आत तांबं, नवरीच्या भांड्यासारखं लख्ख.
रिकाम्या गाडीत ती पट्टीपासून बोटभर लांब.
वजन चढलं, वळणावर चासी पिळली,
की टेकायची.
माझ्या शेडमध्ये भरलेली गाडी आणा,
असं मी कधी म्हटलंच नव्हतं.

रबरी नळीचा तुकडा चिरून घातला, टेप गुंडाळली,
जुडगा पट्टीपासून लांब ओढून बांधला.
साठेक रुपयांचा माल.
"किती द्यायचं?"
म्हटलं, दोनदा घेतलेत की.
तो हसला नाही. नखानं चिकटपट्टी सोलत बसला,
डिंकाचा चौकोन राहिला काचेवर, त्याला लाल धूळ.

परवा पहाटे साडेतीनला फोन.
"जाळीचं वळण गेलं."
बरं, मग?
"न्हाई लागला."
पुढं काही बोलला नाही, फोनही ठेवला नाही.
मी अंधारात उठून बसलो, ऐकत राहिलो चढाचं इंजिन.
गिअर टाकताना जरा कुरकुरली.
क्लच बघायला पाहिजे.